‘जमेल मला’ : दुखण्यासोबत जगण्याच्या एका शोधाची गोष्ट

(सामुदायिक रेडिओवर प्रसारित झालेलं भाषण)



हातातलं काम थांबवू नका. शेंगा फोडत असाल, डाळ निवडत असाल, तर तसंच चालू द्या. फक्त बराच वेळ एकाच मांडीवर बसला असाल तर जरा पाय मोकळे करा. आजचं बोलणं त्या पायांबद्दल, कमरेबद्दल आणि खांद्यांबद्दलच आहे.

आपल्या गटाच्या बैठकीत वहीवर हजेरी लागते. तिच्याआधी आणखी एक हजेरी आपोआप लागलेली असते. खाली बसताना कोण भिंतीला हात लावतं, कोण ‘आई गं’ म्हणतं, उठताना कोण शेजारणीचा खांदा धरतं, हे नीट बघितलं तर कुणाचं काय दुखतंय ते न विचारता कळतं.

माझंच सांगते. चार वर्षांपूर्वी माझ्या डाव्या गुडघ्यानं मला धरलं. फोटो काढला, डॉक्टर म्हणाले, ‘झीज आहे, जपून राहा.’ मी ते इतकं मनावर घेतलं की जपण्यापलीकडे दुसरं काही राहिलंच नाही. आधी देवळाच्या पायऱ्या बंद केल्या. मग आठवड्याचा बाजार. मग एसटीची पायरी उंच म्हणून माहेर. मग हळदीकुंकवाला कुणाकडे जाणं, कारण तिथं खाली बसावं लागतं. दुखत होता एक गुडघा आणि बंद झालं होतं सगळंच. जो भेटेल तो सांगायचा, ‘आता वय झालं, असंच चालायचं.’ मीही तेच म्हणायला शिकले.

पुण्याजवळच्या भिगवणला १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन विचारपूस सुरू केली. सहा हजारांच्या आसपास लोकवस्तीची पाहणी होती ती. सांधे, स्नायू, पाठ, कंबर यांचं दुखणं किती जणांना आहे ते बघायचं होतं. मोठ्या माणसांमध्ये दर १०० जणांमागे सुमारे १८ जणांना असं काही ना काही दुखणं निघालं आणि त्यात बायका जास्त होत्या. म्हणजे हे एकट्यादुकट्या बाईचं रडगाणं नाही. गावोगावची गोष्ट आहे.

आज मी तुम्हाला एका शोधाची हकिकत सांगणार आहे. ती घडली अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्यातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात, साधारण ४५ वर्षांपूर्वी. लांबची असली तरी ऐकताना तुम्हाला आपल्याच बैठकीची आठवण येईल.

आधी थोडी मागची बाजू. फार काळ डॉक्टर मंडळींची समज अशी होती की दुखणं म्हणजे दोरी ओढली की वाजणारी घंटा. जिथं इजा, तिथून दोरी ओढली जाते आणि मेंदूत घंटा वाजते. जेवढी इजा, तेवढी घंटा. मग फोटोत फारसं काही दिसत नसूनही बाई कळवळत असेल, तर ‘तिच्या मनाचे खेळ आहेत’ असं म्हणायला सगळे मोकळे.

१९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी वेगळा विचार मांडला. ते म्हणाले, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत दुखण्याच्या वाटेवर जणू एक फाटक आहे. ते कधी जास्त उघडतं, कधी कमी. ते किती उघडायचं हे दुखऱ्या जागेवर जसं ठरतं, तसंच मेंदूकडून खाली येणाऱ्या संदेशांवरही ठरतं. कोपर दाराला आपटलं की आपण ते पटकन चोळतो आणि जरा बरं वाटतं. ते का, याचं उत्तर या विचारातून मिळालं. पुढं त्याच्या बारकाव्यांत बदल झाले, पण मूळ गोष्ट टिकली. भीती, काळजी, झोप, आधार या सगळ्यांचा दुखण्याच्या तीव्रतेशी संबंध असतो आणि तरीही दुखणं खरंच असतं, खोटं नसतं.

दुसरी समज होती आरामाची. कंबर धरली की पडून राहा. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात कंबरदुखीच्या २०० च्या आसपास रुग्णांवर एक अभ्यास झाला. निम्म्यांना दोन दिवस पडून राहायला सांगितलं, निम्म्यांना सात दिवस. दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस कमी बुडाले आणि बरं होण्यात ते कुठं मागंही पडले नाहीत. आपल्याकडे सात दिवस पडून राहायला कुणा बाईला मिळतं, हा प्रश्न वेगळा. पण पडून राहिल्यानं सांधा सुधारतोच असं नाही, हे तेव्हापासून ठळकपणे दिसायला लागलं.

आता आपल्या मुख्य गोष्टीकडे येऊ.

स्टॅनफर्डमध्ये हॅल्स्टेड होल्मन नावाचे संधिवाताचे मोठे डॉक्टर होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. न्यूमोनिया झाला तर डॉक्टर उपचार करतो आणि माणूस बरा होऊन घरी जातो. संधिवात तसा नाही. तो वर्षानुवर्षं सोबत राहतो. डॉक्टर वर्षातून मोजक्या वेळा भेटतो आणि उरलेले सगळे दिवस दुखण्याशी रुग्णाचीच गाठ असते. मग त्या दिवसांसाठी रुग्णाला कोण तयार करणार?

हे काम केट लॉरिग यांनी हाती घेतलं. त्या मूळच्या नर्स, पुढं सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलेल्या. त्या स्वतः लहानपणापासून एका दीर्घ आजारासोबत जगत आलेल्या, त्यामुळं ‘रोजचं दुखणं’ म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. १९७० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी संधिवाताच्या रुग्णांसाठी एक वर्ग सुरू केला. सहा आठवडे, आठवड्याला दोन तास, एका वर्गात १०-१५ माणसं. जागा दवाखान्यातली नाही. वाचनालय, चर्चची खोली, म्हाताऱ्या माणसांचं केंद्र, अशी लोकांच्या जाण्यायेण्यातली. शिकवायचं काय? व्यायाम, शरीर सैल सोडणं, औषधं नीट घेणं, दमणूक सांभाळणं, डॉक्टरांशी नीट बोलणं.

आणि शिकवणार कोण? इथं लॉरिगबाईंनी धाडस केलं. शिकवायला त्यांनी संधिवात असलेलीच साधी माणसं तयार केली. पुष्कळांनी नाकं मुरडली असतील. म्हणून त्यांनी तुलनाच करून बघितली. काही वर्ग आरोग्यक्षेत्रातल्या जाणकारांनी घेतले, काही या साध्या माणसांनी. १९८६ मध्ये निकाल छापून आला. जाणकारांच्या वर्गात माहिती जास्त वाढली होती. पण शरीर सैल सोडण्याचा सराव साध्या माणसांच्या वर्गातल्या लोकांनी जास्त उचलला होता. बाकी फरक फारसा नव्हता. ज्याचं दुखतं तोही शिकवू शकतो, हे सिद्ध झालं.

वर्गाचा उपयोग होत होता. चार महिन्यांनी बघितलं तर लोकांची माहिती वाढली होती, व्यायाम वाढला होता आणि दुखणं कमी झालं होतं. सगळे खूश. कारण तर उघडच दिसत होतं, व्यायाम वाढला म्हणून दुखणं कमी झालं.

पण हिशेब जुळेना. एकेका माणसाचा हिशेब मांडला तेव्हा असं दिसलं की ज्यांनी व्यायाम जास्त केला त्यांचंच दुखणं जास्त कमी झालं, असं काही नाही. काही जण मनापासून व्यायाम करत होते, पण फरक थोडा. काहींचा व्यायाम बेताचाच, पण दुखणं पुष्कळ हलकं झालेलं. मग फरक पडला तरी कशानं?

लॉरिगबाई आणि त्यांच्या सोबतच्या संशोधकांनी मग आपण केलं असतं तेच केलं. लोकांना समोर बसवून विचारलं. ज्यांना बरं वाटत होतं त्यांनाही आणि ज्यांना वाटत नव्हतं त्यांनाही. हे १९८४ मध्ये प्रसिद्ध झालं. बरं वाटणाऱ्यांच्या बोलण्यात एक गोष्ट सारखी येत होती. दुखण्याचं आपण काहीतरी करू शकतो, थोडीफार लगाम आपल्या हातात आहे, असं त्यांना वाटत होतं. ज्यांना फरक पडला नव्हता त्यांना वाटत होतं की आपल्या हातात काहीच नाही.

आता ही ‘हातात असल्याची भावना’ म्हणजे नेमकं काय, ती मोजायची कशी आणि वाढवायची कशी? याचं उत्तर त्याच विद्यापीठातल्या मानसशास्त्र विभागात होतं.

तिथं अल्बर्ट बांडुरा नावाचे प्राध्यापक होते. १९२५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, मंडेर नावाच्या लहानशा गावात त्यांचा जन्म झाला. आईवडील पूर्व युरोपातून येऊन तिथं जमीन कसणारे. गावच्या शाळेत शिक्षक मोजकेच, त्यामुळं पुष्कळसं मुलांनाच आपापलं शिकावं लागे. आपलं आपण शिकता येतं, हा अनुभव त्यांनी असा लहानपणीच घेतला होता.

बांडुरा यांनी १९७७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला, सापाची भीती वाटणाऱ्या माणसांवरचा. तुम्ही हसाल. आपल्याकडे सापाला घाबरू नये असं कोण म्हणेल? पण त्यांच्याकडचा साप बोआ जातीचा, अजगरासारखा, बिनविषारी. आणि ही माणसं अशी की सापाच्या भीतीनं त्यांचं रोजचं जगणं अडलेलं. त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटानं दुसऱ्याला साप हाताळताना बघितलं आणि मग मदतीनं स्वतः पायरीपायरीनं केलं. दुसऱ्या गटानं फक्त बघितलं. तिसऱ्या गटासाठी काहीच केलं नाही. पहिल्या गटाचा धीर सगळ्यांत जास्त वाढला, दुसऱ्याचा त्याहून कमी. आणि प्रत्येकाला आधी विचारलं होतं, ‘यापुढची पायरी तुम्हाला जमेल असं वाटतं का? किती खात्री आहे?’ ज्यानं जेवढी खात्री सांगितली, जवळजवळ तेवढंच त्याला पुढं जमलं.

या खात्रीला त्यांनी इंग्रजीत ‘सेल्फ-एफिकसी’ असं नाव दिलं. मराठीत ‘स्व-क्षमतेवरचा विश्वास’ म्हणतात. आपण आज तिला ‘जमेल मला’ म्हणू.

मैत्रिणींनो, हा ‘जमेल मला’ म्हणजे नुसता धीटपणा नव्हे. बाई एकूण धीट आहे की भित्री, हा प्रश्नच नाही. तो एकेका कामापुरता असतो. चाळीस माणसांच्या भाकरी थापायला जी बाई मागंपुढं बघत नाही, तीच बँकेत सही करायला गेली की तिचा हात थरथरतो. बाई तीच, फक्त एका कामाची खात्री आहे आणि दुसऱ्याची नाही.

बांडुरा यांनी सांगितलं की ही खात्री चार वाटांनी येते. पहिली आणि सगळ्यांत पक्की वाट म्हणजे स्वतः केलेलं काम. थोडं केलं, जमलं, की पुढचं जमेलसं वाटतं. दुसरी, आपल्यासारख्याच कुणाला तरी ते करताना बघणं. तिसरी, आपल्या विश्वासातलं माणूस ‘तू करशील’ असं म्हणणं. चौथी, आपल्या शरीराच्या खुणांचा आपण काय अर्थ लावतो ते. छाती धडधडली की ‘मी घाबरले’ असं म्हणायचं की ‘चढ चढले म्हणून’, यावर पुढचं पाऊल ठरतं.

लॉरिगबाईंनी आपला वर्ग या चार वाटांवर नव्यानं बेतला. संधिवात असलेला शिकवणारा तर आधीपासूनच होता, म्हणजे आपल्यासारखं माणूस समोर. आता दर आठवड्याला प्रत्येकानं स्वतःच एक छोटा बेत करायचा, पुढच्या आठवड्यात येऊन काय झालं ते सांगायचं आणि अडलं असेल तर सगळ्यांनी मिळून वाट काढायची. आणि शरीराच्या खुणांचा अर्थ नव्यानं लावायला शिकायचं. पुष्कळ दिवस न हलवलेला स्नायू हलवला की दुखतो. ते प्रत्येक वेळी ‘काहीतरी मोडलं’ असं नसतं. स्नायू अशक्त झालाय, असंही असू शकतं.

१९८९ मध्ये या खात्रीची मोजपट्टी तयार झाली. तिच्यात साधे प्रश्न होते. हात न टेकता खुर्चीतून चटकन उठण्याची किती खात्री आहे? ओळीनं तीन बटणं लावण्याची? अंगणातला नळ पूर्ण उघडून बंद करण्याची? दुखण्यामुळं झोप मोडणार नाही, याची? आपली मोजपट्टी केली असती तर प्रश्न वेगळे असते. विळीवरून हात न टेकता उठण्याची किती खात्री? हापसा दहा वेळा मारण्याची? भरलेली कळशी कमरेवर घेण्याची? एक ओळ खुरपून सरळ उभं राहण्याची? प्रश्न बदलतील, मोजायची गोष्ट तीच.

मोजल्यावर काय दिसलं? वर्गात ज्यांची खात्री वाढली, त्यांचं दुखणं जास्त कमी झालं होतं. व्यायामाशी जो हिशेब जुळत नव्हता, तो इथं जुळला.

याच सुमारास, १९८७ मध्ये, बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक प्रयोग केला. लोकांना बर्फगार पाण्यात हात धरायला सांगितलं. ते दुखतं, तुम्ही करून बघा. काहींना दुखण्यावरून मन वळवण्याच्या युक्त्या शिकवल्या. त्यांची खात्री वाढली आणि त्यांनी हात जास्त वेळ धरला. मग काही जणांना असं औषध टोचलं की ज्यानं शरीरात तयार होणारी नैसर्गिक वेदनाशामक द्रव्यं काम करेनाशी होतात. तेव्हा युक्त्या शिकलेल्यांचीही सहन करण्याची ताकद कमी पडली. म्हणजे खात्री हे काही नुसतं मनात म्हटलेलं वाक्य नव्हतं. तिच्यामागं शरीरातलं खरंखुरं रसायन काम करत होतं. दुखणं जसं खरं, तशी ही ताकदही खरी.

१९९३ मध्ये सगळ्यांत लक्षात राहणारा निकाल आला. वर्गाला चार वर्षं झाली होती. लोकांचं दुखणं सरासरी २० टक्क्यांनी कमी होतं. डॉक्टरांकडच्या फेऱ्या ४० टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. आणि हे लक्ष देऊन ऐका : याच काळात त्यांची शारीरिक अडचण ९ टक्क्यांनी वाढली होती. वय वाढलं, आजार पुढं सरकला, सांधे आणखी झिजले. तरीही दुखणं कमी. म्हणजे झीज आणि दुखणं या दोन गोष्टी एकाच मापानं वाढतात-घटतात असं नाही. हे वाचलं तेव्हा मला माझा गुडघ्याचा फोटो आठवला. त्या फोटोत झीज दिसत होती. मी बाजाराला जाऊ शकते की नाही, ते त्या फोटोत लिहिलेलं नव्हतं.

आता नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे जाहिरातीसारखं होईल. हा वर्ग पुढं इंग्लंडमध्ये गेला. तिथं झिजेच्या संधिवाताच्या ८१२ रुग्णांवर मोठा अभ्यास झाला आणि २००६ मध्ये निकाल आला. वर्गाला गेलेल्या लोकांची चिंता कमी झाली, खात्री वाढली, पण दुखणं किंवा डॉक्टरांकडच्या फेऱ्या यांत म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणजे प्रत्येक ठिकाणी, प्रत्येकाला सारखाच गुण येईल असं नाही. ‘जमेल मला’ म्हणजे मंत्र नव्हे. पण चिंता कमी होणं आणि आपल्या हातात काही आहे असं वाटणं, हेही मोठंच आहे. रात्रभर छताकडे बघत पडलेल्या बाईला विचारा.

दोन गोष्टी मात्र बजावून सांगते.

पहिली : हा विश्वास औषधाच्या जागी नाही, औषधाच्या सोबत आहे. बोटांचे लहान सांधे सुजत असतील आणि सकाळी उठल्यावर तासाच्या वर ताठ राहत असतील, तर तो आमवात असू शकतो. त्याला वेळेत औषध मिळालं तर सांधे वाकडे होण्यापासून वाचवता येतात. सांधा लाल, गरम होऊन सुजला, सोबत ताप आला, वजन घटत चाललं, पडल्यावर दुखणं सुरू झालं, पाय बधिर किंवा लुळा पडायला लागला, लघवी-शौचावरचा ताबा गेला, यांतलं काहीही असेल तर ‘जमेल मला’ म्हणत घरी बसायचं नाही. लगेच डॉक्टरांकडे जायचं. तिथं जाणं हेही आपल्याला जमलंच पाहिजे.

दुसरी : या गोष्टीचा उलटा अर्थ कुणी तुमच्यावर लादू नये. ‘तुझा विश्वास कमी आहे म्हणून तुझं दुखतंय’ असं नवरा म्हणेल, सासू म्हणेल, कदाचित एखादी शिकलेली ताईही म्हणेल. तसं नाही. जी बाई पहाटे पाचला उठून रात्री दहाला पाठ टेकते, जिला स्वतःसाठी पंधरा मिनिटं मागायची चोरी आहे, तिचा विश्वास कमी नाही, तिची सवड कमी आहे. डोक्यावरचा हंडा जड असेल तर डोक्यातला विचार बदलून त्याचं वजन उतरत नाही.

बांडुरा यांनीही पुढच्या काळात हे ओळखलं. त्यांनी एकट्याच्या खात्रीसोबत ‘मिळून जमेल आपल्याला’ या खात्रीवर भर दिला. काही गोष्टी एकटीच्या बळावर बदलतच नाहीत, तिथं अनेकींचं बळ एकत्र यावं लागतं. हे आपल्याला कुणी शिकवायला नको. महिन्याला शंभर-शंभर रुपये टाकून आपण कर्ज फेडलंय, दुकानं उभी केलीत. पाणी दारात यावं, चुलीखाली ओटा व्हावा, उभ्यानं वापरता येईल असं लांब दांड्याचं अवजार गटानं मिळून घ्यावं, वाकून करायच्या कामात आळीपाळी व्हावी, ही सगळी दुखण्यावरचीच औषधं आहेत.

आता त्या वर्गातली एक रीत सांगते आणि थांबते. बेत करताना चार गोष्टी ठरवायच्या : काय, किती, केव्हा आणि आठवड्यातून किती दिवस. बेत असा हवा जो तुम्हाला स्वतःला करावासा वाटतो, डॉक्टर किंवा लेक म्हणते म्हणून नव्हे. मग स्वतःला विचारायचं, हे पूर्ण होईल याची शून्य ते दहा यांत किती खात्री आहे? सातच्या खाली उत्तर आलं तर बेत लहान करायचा. हरायचा बेत करायचाच नाही. लहान बेत पूर्ण झाला की खात्री वाढते, आणि तीच तर हवी आहे.

माझा पहिला बेत होता : ओसरीपासून मारुतीच्या पारापर्यंत, सकाळच्या चहानंतर, आठवड्यातून चार दिवस. खात्री पाच निघाली. म्हणून पारापर्यंत न जाता हापशापर्यंत केला. खात्री आठ झाली. तीन आठवडे हापसा, मग पार. पहिल्या दिवशी दुखलं. दुसऱ्या दिवशीही. पण मी ‘मोडलं’ म्हटलं नाही, ‘जागं होतंय’ म्हटलं. आणखी एक चूक सुधारली. जरा बरं वाटलं की एकाच दिवशी गोधड्या धुवायच्या, धान्य वाळवायचं, सगळं उरकायचं आणि मग तीन दिवस पडून राहायचं, असं मी करत होते. आता बरं असो नसो, काम रोज तुकड्यातुकड्यानं करते.

गुडघा आजही दुखतो. थंडीत जास्त. पण परवा मी आठवड्याच्या बाजारात गेले. निम्म्या वाटेवर पारावर बसले, घोटभर पाणी प्यायले, परत उठले. पिशवीत मेथी होती आणि नातवासाठी फुटाणे.

गटाच्या पुढच्या बैठकीत वहीतली हजेरी झाली की ही दुसरी हजेरीही घ्या. ‘काय दुखतंय’ एवढंच विचारून थांबू नका. ‘या आठवड्यात काय करायचं ठरवलंय आणि किती खात्री आहे’ तेही विचारा.

गटात बोलण्यासाठी

१. दुखण्यामुळं तुम्ही कोणकोणत्या गोष्टी बंद केल्या? त्यांतली कुठली एक परत सुरू करावीशी वाटते?

२. तुमचा या आठवड्याचा बेत सांगा : काय, किती, केव्हा, किती दिवस. खात्री सातच्या खाली असेल तर सगळ्याजणी मिळून तो लहान करा.

३. दुखणं वाढवणारं असं कोणतं काम आहे, जे एकटीनं बदलणार नाही, पण गटानं मिळून बदलता येईल?